मांडीवर टाइप करणाऱ्या बाई

बाईंनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला तीन खोल्या होत्या आणि तिन्हींत आम्ही कॉलेजच्या मुली राहत होतो. एक हुपरीची, एक जोतिबाची आणि मी मलकापूरकडची. बाईंच्या लेखी आमची तेवढीच ओळख होती. "ए हुपरी, नळ बंद कर." "जोतिबा, तुझा डबा आलाय." "मलकापूर, काय गं तोंड पाडून बसलीयास?" माझं गाव खरं तर मलकापूरच्याही पुढं, आत आहे. तसं मी एकदा सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, "तितक्या आत माझी हाक पोचत न्हाय."

नळाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. टाइप केलेला, खाली सही, शिक्का नाही एवढंच. ‘सर्व भाडेकरूंस याद्वारे कळविण्यात येते की, नळाखाली भांडे ठेवून निघून जाणाऱ्या इसमाचे भांडे जप्त करण्यात येईल व ते परत मिळण्याबाबत कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. हुकुमावरून.’ हुपरीची कळशी खरोखर दोन दिवस जप्त होती. तिसऱ्या दिवशी बाईंनी ती घासून, पुसून, दारात आणून ठेवली आणि पोचपावतीवर तिची सही घेतली.

बाई कोर्टात टायपिस्ट होत्या. चौतीस वर्षं. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सकाळी दहाला इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन त्या कसबा बावड्याला कोर्टात जायच्या. कुठल्या तरी दालनात मागच्या बाकावर बसायच्या, साक्षी ऐकायच्या आणि पाचला परत यायच्या. आधी तिथले लोक त्यांना ओळखायचे, चहा द्यायचे. मग ओळखणारे एकेक करून निवृत्त झाले. एकदा एका नव्या शिपायानं त्यांना विचारलं, "आजी, तुमची तारीख हाय काय आज?" बाई म्हणाल्या, "हाय की. रोजच असतीया." हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं. आम्हीही हसलो.

त्यांची एक सवय अशी की समोर कुणी बोलायला लागलं की त्यांची बोटं मांडीवर हलायची. दहाही बोटं, अगदी टाइप करतात तशी. ओळ संपली की डावा हात थोडा वर उचलून बाजूला सरकायचा. दूधवाला बोलला तरी हलायची, आम्ही आपापसात भांडलो तरी हलायची. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की बोटं थांबायची. माझी आई बरी नाही म्हणून मी एकदा भाडं पुढं ढकललं तेव्हा बोटं हलत होती. हुपरीनं तेच कारण सांगितलं तेव्हा थांबली.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही हे सगळं टाइप का करता?"

"कोर्टात साक्ष कशी लिवत्यात ठाऊक हाय?" त्या म्हणाल्या. "साक्षीदार बोलतोय, जज्जसाहेब ऐकत्यात. मग साहेब त्याचं नीट वाक्य करून सांगत्यात आणि आमी ते टाइप करायचं. साक्षीदाराचं न्हाय, साहेबांचं. एक बाई आलती. नवरा ट्रकखाली गेलता. वकिलानं इचारलं, नवरा गेल्यानं तुमचं काय नुकसान झालं? ती म्हणाली, कामावरनं आला की हात धुवायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. साहेब म्हणाले, लिहा, मी पतीच्या उत्पन्नावर अवलंबून होते. मी लिवलं."

त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"साहेबांचंबी बरोबर होतं. कोर्टाला हात धुतल्याचं काय करायचंय? पण तिनं सांगितलं तर होतं की. मग ते माझ्याकडंच ऱ्हायलं."

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांचा अपघात झाला. माझे वडील गवंडी आहेत. सकाळी मोपेडवरून कामावर निघाले होते. गावच्या दूध डेअरीजवळच्या वळणावर डेअरीचा टेम्पो आडवा आला आणि त्यांना उडवून गेला. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. आत रॉड घातला, पण पाय काही पूर्वीसारखा वाकेना. गवंड्याला परांचीवर चढता आलं नाही की त्याचं काम संपलं, हे आमच्या घरात कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. चुलते आईला म्हणाले होते, पोरीचं कॉलेज आता पुरे करा. तेही मला थेट कुणी सांगितलं नाही. हुपरी-कोल्हापूर बसचे आवाज ऐकत मी खोलीवर एकटी बसायचे आणि घरून फोन आला की तो उचलायला घाबरायचे.

पण खरी अडचण वेगळीच होती. दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा वडिलांनी सांगितलं, "मी आपला आपण घसरून पडलो." खाली सहीसुद्धा केली. टेम्पोचं नावही घेतलं नाही. का, असं विचारलं की वडील भिंतीकडं तोंड करायचे. "त्यो विषय संपला," एवढंच.

मग चुलत्यांनी एका वकिलाचा माणूस घरी आणला. तो दवाखान्यातही येऊन गेला होता. आधी काही द्यायचं नाही, निकाल लागल्यावर बघू, फक्त सह्या करा, असं म्हणून तो कागदांचा गठ्ठा ठेवून गेला. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या. घरातल्या सगळ्यांनी तो गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. आई म्हणाली, "तू शिकलीस की. तू सांग." भरपाईचा अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत असते, असं तो माणूस म्हणाला होता. त्यातले चार गेले होते. आमच्यात पदवीपर्यंत पोचलेलं कुणीच नाही. मला जमाखर्चाचे धडे येत होते. वकीलपत्र म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी ते कागद कोल्हापूरला घेऊन आले आणि पायरीवर बसून तीनदा वाचले. बाई कोर्टातून परत आल्या, चप्पल काढता काढता थांबल्या.

"काय वाचतीयास?"

"वकीलपत्र आहे. वडिलांचं."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हे कोरं हाय की गं."

"ते म्हणाले, नंतर भरतो."

"नंतर काय भरतील ते तुझ्या बाला सांगितलंय काय? आणि ह्यो खालचा?" खाली एक साधा पांढरा कागद होता, त्यावरही फुली. "वकील निवडलास का वकिलानं तुमाला निवडलंय?"

मला एकदम रडू आलं. चार महिन्यांत मला कुणी प्रश्न विचारला नव्हता, सगळ्यांनी उत्तरंच मागितली होती. मी सगळं सांगितलं. पहिला जबाब, टेम्पो, चुलते, कॉलेज. बाईंची बोटं शेवटपर्यंत हलत होती. मग त्या म्हणाल्या, "उद्या डबा जास्तीचा घे."

वकील बघायची त्यांची स्वतःची पद्धत होती. वेळ ठरवून जायचं नाही. मी फोन करूया म्हणाले तर म्हणाल्या, "फोनवर समदीच गोड बोलत्यात. बाकावर बसलं की कळतंय." आम्ही जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचो, कधी दोन तास, कधी अख्खी दुपार. कारकून म्हाताऱ्या माणसाशी कसा बोलतो, आतून हाक नावानं येते की ‘तो पायवाला आला का’ अशी येते, कागद वकील स्वतः वाचतो की दुसऱ्याला वाचायला लावतो, हे त्या बघायच्या. आत गेल्यावर शेवटी त्यांचा एक प्रश्न असायचा: "तुमी हारलेल्या केसच्या फायली कुठं ठेवता?"

पहिलं ऑफिस काचेचं होतं. वकीलसाहेबांनी आमचे कागद न उघडताच सांगितलं, "जबाबाचं टेन्शन घेऊ नका. साक्षीदार आपण उभा करू. एक टपरीवाला आहे, त्यानं टेम्पो बघितला म्हणेल." मी बाईंच्या मांडीकडं पाहिलं. बोटं थांबलेली होती. फायलींचा प्रश्न विचारल्यावर ते हसले, "बाई, आम्ही हरतच नाही."

"ऊठ, मलकापूर," बाई म्हणाल्या.

जिन्यात मी म्हणाले, "पण त्यांना खात्री होती."

"त्या टपरीवाल्याची साक्ष मी स्वतः चार केसला टाइप केलीया. चार गावच्या चार वळणांवर हुता त्यो. टपरी कवा चालवतोय कुणास ठाऊक."

दुसरे वकील भले होते. मला पाणी दिलं, बाळ म्हणाले, जबाब वाचला आणि चष्मा काढला. "यात काही राहिलं नाही गं. वडिलांनीच सही करून दिलंय." फायलींचं विचारल्यावर म्हणाले, "रद्दीत जातात हो. काय करणार ठेवून." बाहेर आल्यावर मी तिथंच थांबले. चांगला माणूस भेटला की काम होतं, असं मला तोवर वाटत होतं. बाई माझ्याबरोबर फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. समजूत वगैरे काही घातली नाही. डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. "माणूस बरा हाय," म्हणाल्या. "घाई लई हाय त्याला."

तिसऱ्यांचं ऑफिस एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. फायलींवर पांढरी धूळ, खालून गिरणीची घरघर. वकील मोठ्यानं बोलायचे कारण त्याशिवाय ऐकूच यायचं नाही. त्यांनी जबाब वाचला. पुन्हा वाचला. मग बाईंकडं नाही, माझ्याकडं बघून विचारलं, "वडील असं का म्हणाले?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"ते माहीत झाल्याशिवाय मी केस घेणार नाही. ते खोटं का बोलले, ते खरं कळलं पाहिजे. मग कोर्टाला सांगता येतं."

बाईंनी फायलींचा प्रश्न विचारला. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. टेबलाखाली, पायाशी, एक गठ्ठा बांधून ठेवला होता. "इथं. रोज पाय लागतो."

खाली गिरणीपाशी येऊन बाई मला म्हणाल्या, "मला काय इचारू नगंस. बाप तुझा हाय."

मी वर त्यांच्या ऑफिसकडं पाहिलं. मग म्हणाले, "हे. कारण ‘का’ म्हणून यांनीच विचारलं." स्वतःच्या तोंडून असं काही ठाम निघालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. चुलत्यांना फोन केला तर ते ओरडले, "गिरणीवरचा वकील? तू काय जज्ज झालीस व्हय?" मी फोन कानाशी धरून उभी राहिले. ठरवलेलं मात्र बदललं नाही.

आता वडिलांना बोलतं करायचं होतं. रविवारी बाई माझ्याबरोबर एसटीनं आल्या. टाइपरायटर पोत्यात घालून मांडीवर घेतला होता.

"आज्जी, पोत्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"मशीन."

"शिलाईचं व्हय?"

"न्हाय, जबाबाचं. तिकीट काढू काय त्याचं?"

घरी आल्यावर बाईंनी वडिलांच्या खाटेशेजारी पाट मांडला, पाटावर यंत्र ठेवलं, कागद घातला आणि विचारलं, "पावणं, त्या दिवशी कुठल्या कामावर निघालता?"

अपघाताबद्दल काही विचारतील म्हणून वडील सावरून बसले होते. या प्रश्नानं ते गोंधळले. मग सांगायला लागले. गॅलरीची भिंत होती. मालकाला घाई होती. पिशवीत थापी होती, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा होता. वडील बोलत होते आणि बाई टाइप करत होत्या, आणि वडील हळूहळू कागदाकडं बघायला लागले. आपण बोललेलं तसंच्या तसं उमटतंय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"पडल्यावर पयलं काय बघितलंसा?"

"ओळंबा. त्यो वडलांचा हाय माझ्या. गटारीत गेलता." वडील थांबले. "मग त्यो पोरगा उतरला. डायवर. थरथरत हुता. म्हणाला, मामा, आठ दिसावर माझी हळद हाय. मी म्हणालो, जा तू. मी बघतो."

आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"त्याला शब्द दिलाय," वडील म्हणाले. "पैशापायी त्याला गोवू?"

बाईंनी यंत्रावरचे हात काढले. "पैसं पोरगा देत न्हाय. टेम्पोचा विमा असतोय, त्यो देतोय. पण पोरावर पोलिसांची केस हुईल, दंड हुईल. ते मी तुमच्यापासनं लपवत न्हाय."

विम्याचं वडिलांना माहीतच नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच नव्हतं. पाच महिने ते भिंतीकडं तोंड करून पडले होते, कारण त्यांना वाटत होतं की त्यांचा पाय आणि त्या मुलाचा संसार यांतलं एकच काहीतरी उभं राहू शकतं. शेवटी ते म्हणाले, "मग पयलं त्याला बोलवा. त्याच्या माघारी सही करत न्हाय मी."

निरोप गेला तसा तो पोरगा आला. दाराबाहेरच उभा राहिला. बाईंनी पहिल्या ओळीपासून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. थापी, ओळंबा, हळद, सगळं. तो खाली बघत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "मामा, हे मीच सांगाय पायजे हुतं." पुढच्या आठवड्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं नाकारलं नाही.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी बाईंना म्हणाले, "तुम्ही इतक्या लोकांचे जबाब घेतले. तुमचा कुणी घेतला का?"

"माझा?" त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "मला कुणी समन्सच काढलं न्हाय की."

तेव्हा मी पुढं काहीतरी विचारायला हवं होतं. साधं, वडिलांना त्यांनी विचारलं तसं. बाई, तुम्ही लहानपणी कुठं राहत होता? एवढंसुद्धा चाललं असतं. पण मला वाटलं, मोठ्या माणसाला असं विचारणं बरं दिसेल का. त्यांचे हात यंत्रावर, पोत्यावरून, नुसते ठेवलेले होते.

अर्ज मुदतीत गेला. गावात काही दिवस लोक आमच्याशी तुटक वागले. आईनं त्या डेअरीत दूध घालणं स्वतःच थांबवलं, लांबच्या डेअरीत घालायला लागली. वर्षभरानं वडिलांची साक्ष झाली. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलं?"

"व्हय," वडील म्हणाले. "त्याची हळद आठ दिसावर हुती, साहेब. थरथरत हुतं पोरगं. मला बघवंना."

न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टायपिस्टला सांगितलं, "मी पोलिसांना पहिला जबाब खोटा दिला हे खरे आहे. वाहनचालकाविषयीच्या सहानुभूतीपोटी मी तसे केले."

मी मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर बाई बसल्या होत्या. साहेब बोलत होते तेव्हा त्यांची बोटं स्थिर होती. त्याआधी, वडील बोलत असताना, ती हलत होती.

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "सहानुभूती म्हणजे काय गं? मी असं म्हणालो?"

"तसंच लिवत्यात," बाई म्हणाल्या. "चुकीचं न्हाय ते."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात. इचलकरंजीहून एक पुतण्या आला. स्मशानात त्याच्याशिवाय आम्ही तिघी आणि त्यांचा दूधवाला. कोर्टातलं कुणी नव्हतं. तिथं कळवायचं कुणाला, तेच आम्हाला माहीत नव्हतं. पुतण्यानं घर रिकामं केलं. टाइपरायटर इतर सामानाबरोबर गेला. नळावरचा कागद मी काढायला गेले तर तो फाटला.

निकाल त्यानंतर लागला. मागितलं होतं त्याहून कमी, पण वडिलांचं पुढचं ऑपरेशन होईल आणि माझं शेवटचं वर्ष पुरं होईल, एवढं मिळालं. गिरणीवरच्या वकिलांनी निकालाची नक्कल दिली. मी ती घरी नेली आणि वडिलांना पहिल्या पानापासून वाचून दाखवली. वय, धंदा, कायमचं अपंगत्व, वळण, टेम्पोचा वेग. वडील खाटेवर बसून, पाय लांब करून, लक्ष देऊन ऐकत होते.

वाचून झाल्यावर म्हणाले, "त्यात हळदीचं हाय काय?"

"न्हाय."

"आणि ओळंब्याचं?"

"न्हाय, आबा."

त्यांनी नक्कल माझ्या हातातून घेऊन खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "त्या बाईंनी लिवलंतं ते आण की."

बाईंनी टाइप केलेला तो कागद आईनं ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवला होता. मी तो आणला आणि सावकाश वाचला. गॅलरीची भिंत. मालकाची घाई. थापी. गटारीत पडलेला ओळंबा. थरथरणारा मुलगा, आठ दिवसांवरची हळद, जा तू, मी बघतो. शेवटी, डाव्या कोपऱ्यात, बाईंनी कोर्टाच्या सवयीनं, प्रत्येक जबाबाखाली असतात ते दोन शब्द टाइप केले होते. तेही मी वाचले: ‘वाचून दाखवले.’

वडिलांनी मान हलवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले.